छापखान्यातली जुनी हार्ड डिस्क: विंडोजच्याच हत्यारांनी केलेली डागडुजी, 5 जून ते 9 जुलै 2023

यंत्र असं आहे: जुळणी करून घेतलेला डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-3, 8 जीबी रॅम, 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज 10. डिस्क 2015 ची. विंडोजमध्ये ती 931 जीबी दिसते, त्यात सी ड्राइव्ह 146 आणि डी ड्राइव्ह 785. डी वर आमच्या तासगावच्या छापखान्याचं सगळं काम: लग्नपत्रिका, बेदाण्याच्या बॉक्सची लेबलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, पावती पुस्तकं.

बाहेरचं एकही सॉफ्टवेअर न घेता, विंडोजमध्ये आहे तेवढ्यावरच काम करायचं असं ठरवलं होतं. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं लागतात, म्हणजे चेकडिस्क (डिस्क तपासायची आज्ञा) हे सी-एच-के-डी-एस-के असं. सगळ्या आज्ञांसाठी कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करूनच उघडायचा.

5 जून, सोमवार

शनिवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि अर्ध्या तासात तीन वेळा लाइट गेली. यूपीएसने एकदाही तग धरला नाही. लाइट गेली की मशीन बंद, आली की चालू. आज सकाळी डी वरचा ‘पत्रिका 2019’ फोल्डर उघडायला गेलो तर ‘फाइल ऑर डिरेक्टरी इज करप्टेड अँड अनरीडेबल’.

आधी माझ्या जुन्या चुकीबद्दल. गेले दोन-तीन महिने मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर ओळ यायची की डिस्क तपासायची आहे, नको असेल तर अमुक सेकंदांत कुठलीही कळ दाबा. सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असायचं, म्हणून मी दर वेळी कळ दाबून पुढे जायचो. ती ओळ उगाच येत नसते. लाइट अचानक गेली आणि लिहिणं अर्धवट राहिलं की विंडोज त्या ड्राइव्हवर ‘डर्टी’ अशी खूण करतं आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत ती खूण पुसत नाही. खूण आहे का ते ‘एफएसयूटिल डर्टी क्वेरी डी:’ या आज्ञेने कळतं. आज पाहिलं तर होतीच.

दुसरी चूक आजची. घाबरून मी सरळ ‘चेकडिस्क डी: /एफ’ चालवलं, म्हणजे चूक सापडली की लगेच दुरुस्त कर. आधी कॉपी घेतली नाही. वीस मिनिटांत तपासणी संपली, फोल्डर उघडला, पण आत निम्म्या फायली नव्हत्या. डी च्या मुळाशी ‘फाउंड.000’ नावाचा नवा फोल्डर तयार झाला होता. तो लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फायली दाखवा असं सांगितलं तरी दिसला नाही, ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ पुढची खूणही काढावी लागली. आत 41 फायली होत्या. त्यातल्या 29 एका उपफोल्डरमध्ये मूळ नावासकट होत्या, उरलेल्या 12 ना नाव नाही, नुसते आकडे आणि शेवटी सीएचके.

या बारा फायली ओळखायची युक्ती अशी. प्रत्येक फाइल नोटपॅडमध्ये उघडायची आणि फक्त पहिली ओळ पाहायची. टक्क्याच्या चिन्हापुढे पीडीएफ दिसलं तर ती पीडीएफ. सुरुवातीलाच जेएफआयएफ ही अक्षरं दिसली तर फोटो. आरआयएफएफ दिसलं आणि दोन-चार अक्षरं सोडून सीडीआर दिसलं तर जुन्या कोरलड्रॉची, म्हणजे आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची, फाइल. पीके दिसलं तर झिप, आणि कोरलच्या एक्स-4 पासूनच्या फायलीही आतून झिपच असतात. नोटपॅड बंद करताना सेव्ह करायचं नाही, नाहीतर फाइल कायमची जाते. मग एक्स्प्लोररमध्ये शेवटचं सीएचके काढून योग्य ते लावायचं. बारापैकी आठ फायली अशा उघडल्या. चार उघडल्याच नाहीत. आधी कॉपी घेतली असती तर त्याही कदाचित हाती लागल्या असत्या, निदान दुसऱ्या वाटेने प्रयत्न तरी करता आला असता. नुसतं ‘चेकडिस्क डी:’ म्हटलं, पुढे काही लावलं नाही, तर ते फक्त वाचतं आणि सांगतं, लिहीत काही नाही. सुरुवात तिथून करायला हवी होती.

गेलेला वेळ: अख्खा दिवस.

6 जून

आज दुरुस्ती नाही, फक्त पाहणी. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के दाखवते आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला 2-3 एमबी. म्हणजे डिस्क कामात नाही, कुठेतरी अडकून परत परत तेच वाचते आहे.

इव्हेंट व्ह्यूअर उघडला, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. उजवीकडच्या फिल्टरमध्ये सोर्स ‘डिस्क’ निवडला. मला दोन क्रमांक सापडले. 7 म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक आहे, 153 म्हणजे वाचायला मागितलं ते मिळालं नाही म्हणून परत मागावं लागलं. 7 च्या नोंदी मार्चपासून होत्या. मी जूनमध्ये पाहतो आहे.

मग ‘डब्ल्यूएमआयसी डिस्कड्राइव्ह गेट स्टेटस’. उत्तर आलं ‘ओके’. यावर विसंबू नका. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा हिशोब ठेवते आणि बिघाड तिने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरच तिथे ‘प्रेड फेल’ येतं. तोवर खराब ब्लॉक असूनही ओकेच राहतं. पॉवरशेलमधली ‘गेट-फिजिकलडिस्क’ आणि तिच्यापुढे ‘गेट-स्टोरेजरिलायबिलिटीकाउंटर’ ही जोडी जास्त सांगते, पण माझ्या डिस्कवर तिचे निम्मे रकाने रिकामे आले. तापमान मात्र आलं, 49. पंख्यापुढे धुळीचा थर आहे, ते उघडल्यावर पाहीन. माझ्यासाठी खरा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरचाच ठरला.

संध्याकाळी छापखान्यातल्या अण्णांना सांगितलं की डिस्कचे काही ठिपके मेले आहेत, विंडोज ते बाजूला काढून परत वापरणार नाही. अण्णांनी वीस वर्षं ट्रेडलवर, म्हणजे खिळे जुळवून छापायच्या जुन्या यंत्रावर, काढली आहेत. ते म्हणाले, “घासलेला खिळा केसात परत टाकायचा नसतो. पण एका केसात रोज चार खिळे घासलेले निघाले, तर केस बघायची नाही, मशीनची दाबपट्टी बघायची.” (खिळा म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, केस म्हणजे ते ठेवायचा खणांचा ट्रे.) या वाक्यामुळे मी पुढे केबल आणि यूपीएस तपासले. नाहीतर तपासले नसते.

7 आणि 8 जून

1 टीबीची बाहेरची डिस्क आणली, 4,200 रुपये. डी वर भरलेला माल 410 जीबी.

कॉपी-पेस्ट वापरलं नाही, कारण एक खराब फाइल आली की ते थांबून विचारत बसतं. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कॉपी करायची आज्ञा असते. रात्री नऊला ‘रोबोकॉपी’, मग कुठून, मग कुठे, मग ‘/ई’ एवढं देऊन घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर 61 जीबी झालेलं आणि पडद्यावर एकाच फाइलचं नाव खाली खाली उमटत चाललेलं. मुद्दाम सांगतो: काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या फाइलवर 10 लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी मधे 30 सेकंद थांबते. गुणाकार केला तर 347 दिवस होतात. एका फाइलसाठी. आणि प्रत्येक प्रयत्नाला आजारी डिस्कचं डोकं त्याच जागी परत वाचायला जातं.

बंद करून परत चालवली, या वेळी ‘/ई /आर:1 /डब्ल्यू:1 /एक्सजे’ आणि लॉगसाठी ‘/लॉग:’ पुढे फाइलचं नाव. आर म्हणजे किती वेळा, डब्ल्यू म्हणजे मधे किती सेकंद. एक्सजे सी वरच्या यूझर्स फोल्डरसाठी लागतं. तिथे काही फोल्डर खरे नसतात, दुसरीकडे बोट दाखवणारे असतात. एक्सजे नसेल तर रोबोकॉपी त्यांच्यात गोल फिरत बसते. सात तासांत काम झालं. लॉगच्या शेवटी ‘फेल्ड’ रकान्यात 17. कुठल्या सतरा, ते लॉगमध्ये नावानिशी आहे.

मराठी डीटीपीवाल्यांनी इथे थांबून वाचावं. आमचं 2014 च्या आधीचं सगळं काम युनिकोडमध्ये नाही, श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉण्टमध्ये आहे. त्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाइल वाचली आणि फॉण्ट गेला, तर पत्रिकेवर मराठीऐवजी कंस, डॉलर आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरं दिसतात. म्हणून फॉण्टची कॉपी फायलींइतकीच महत्त्वाची. मी विंडोजच्या आतला ‘फॉण्ट्स’ फोल्डर घेतला आणि झालं म्हणून सोडलं. नंतर दुसऱ्या मशीनवर एक पत्रिका उघडून पाहिली तर नाव बरोबर, खालचा मजकूर सगळा कचरा. विंडोज 10 मध्ये फॉण्ट ‘सर्वांसाठी’ असं न निवडता बसवला तर तो तिथे जातच नाही, त्या माणसाच्या खात्यातल्या अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉण्ट्स या वाटेवर जातो. गेल्या तीन-चार वर्षांत बसवलेले 23 फॉण्ट तिथे होते. आता दोन्ही फोल्डर घेतले.

9 जून, शुक्रवार

कॅबिनेट उघडलं. पंखा आणि हीट सिंकवरची धूळ ब्लोअरने काढली. हार्ड डिस्कची साटा केबल हाताला सैल लागली, कडीच तुटलेली होती. नवी केबल 120 रुपये. यूपीएसची बॅटरी फुगलेली निघाली, 12 व्होल्ट 7 एएच, नवी 950 रुपये. बॅटरी बसवून, मशीन चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि घड्याळ लावलं. बारा मिनिटं तग धरला, मग मीच बटण चालू केलं. पुढच्या लांब तपासण्या या बॅटरीशिवाय सुरू करायच्या नाहीत असं ठरवलंच होतं, कारण दुरुस्ती अर्ध्यात असताना लाइट जाणं हे मूळ दुखण्याहून वाईट.

केबल बदलल्यावर तीच रोबोकॉपी परत चालवली. झालेल्या फायली ती ओलांडून जाते, त्यामुळे वेळ फार लागला नाही. ‘फेल्ड’ 17 वरून 11 वर आलं. सहा फायली नुसत्या सैल केबलमुळे अडकल्या होत्या. तापमानही 41 वर आलं.

10 ते 12 जून

शनिवारी संध्याकाळी सातला ‘चेकडिस्क डी: /आर’. यात /एफ आपोआप येतं, शिवाय डिस्कचा प्रत्येक भाग वाचून खराब जागा शोधल्या जातात. सुरू करताना विचारतं की ड्राइव्ह वापरात आहे, जबरदस्तीने सोडवू का. कोरल बंद करून वाय दिलं.

पाच टप्पे असतात. पहिले तीन फायलींच्या नोंदी, नावं आणि परवानग्यांचे, ते अर्ध्या तासात उरकले. चौथा टप्पा फायलींच्या आतल्या मजकुराचा, पाचवा मोकळ्या जागेचा. चौथा 27 टक्क्यांवर आला आणि पावणेतीन तास तिथेच. उरलेला वेळ म्हणून जो आकडा दाखवतं तो कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. मशीनवरचा लाल दिवा मधूनमधून लुकलुकत होता, म्हणून हात लावला नाही. दिवा लुकलुकतोय तोवर बंद करायचं नाही, एवढं पाळलं. रविवारी दुपारी दोनला संपलं, एकोणीस तास. निकालात ‘128 केबी इन बॅड सेक्टर्स’. क्लस्टर म्हणजे विंडोज डिस्कवरची जागा वाटते तो लहानात लहान तुकडा. एक क्लस्टर 4 केबीचा, म्हणजे 32 क्लस्टर बाजूला काढले.

सी साठी वेगळी रीत. विंडोज त्याच्यावरच चालू असल्याने ‘चेकडिस्क सी: /एफ’ दिलं की पुढच्या वेळी सुरू होताना करू का असं विचारतं. वाय देऊन रीस्टार्ट. निकाल पडद्यावर क्षणभर येऊन जातो आणि हुकतो. तो नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, या वेळी ‘अ‍ॅप्लिकेशन’ लॉगमध्ये, सोर्स ‘विनइनिट’, क्रमांक 1001 या नोंदीत अख्खा मिळतो. सी वर आधी नोंदलेली खराब जागा शून्य; /एफ ने नव्या जागा शोधल्या जात नाहीत.

सोमवारी ‘एसएफसी /स्कॅननाउ’, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फायलींची तपासणी. म्हणालं, बिघडलेल्या सिस्टम फायली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. मग ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’. हे चांगल्या फायली इंटरनेटवरून आणतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर केलं. 62.3 टक्क्यांवर पाऊण तास थांबून राहिलं, मग एकदम पुढे गेलं. त्यानंतर एसएफसी परत, आणि या वेळी सगळं दुरुस्त झाल्याचं सांगितलं. दोघांचा क्रम हाच ठेवावा लागतो, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल उचलतं तो साठाच डिझम दुरुस्त करतं.

14 जून

सी वर 6 जीबी उरले होते. ‘क्लीनएमजीआर’ चालवून ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबलं. विंडोज अपडेट क्लीनअपमधून 5 जीबीच्या आसपास सुटलं. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं तर हायबरनेशनची फाइल गेली, आणखी 3.2 जीबी. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं. आमच्या मशीनला त्याने काही फरक पडला नाही.

सेटिंग्जमधल्या ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही एक घर असतं. आपोआप खूण केलेली नसते, पण ‘सगळ्यालाच टिक करू या’ म्हणून खूण केली तर संपलं. गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतात ते नवरा-नवरीचे फोटो, देवकांचे, आजोबांचे फोटो आमच्याकडे डाउनलोड्समध्येच पडलेले असतात. अण्णांसमोर बसून 900 च्या वर फोटो कामाच्या फोल्डरमध्ये हलवले. स्टोरेज सेन्समध्येही डाउनलोड्सपुढे ‘नेव्हर’ आहे याची खात्री केली.

डब्ल्यूआयएनएसएक्सएस हा विंडोजच्या सिस्टम फायलींच्या साठ्याचा फोल्डर मोठा दिसतो म्हणून हाताने काही उडवू नका. ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्टार्टकंपोनंटक्लीनअप’ तेच काम नीट करतं. सगळं मिळून सी वर आता 27 जीबी मोकळे.

15 जून

डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं. विंडोजच्या कागदपत्रांनुसार त्याला ड्राइव्हवर किमान 15 टक्के जागा मोकळी लागते, म्हणून आधी सफाई. ‘डीफ्रॅग सी: /ए’ म्हणजे फक्त मोजणी, सी चे 31 टक्के तुकडे झालेले निघाले. करायचा मोह झाला. केलं नाही. डीफ्रॅग म्हणजे हजारो फायली उचलून दुसरीकडे ठेवणं. ज्या डिस्कवर चार दिवसांपूर्वी खराब जागा निघाल्या, तिला तासन्‌तास असं पळवायचं नाही. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये दर आठवड्याला आपोआप व्हायचं लावलेलं होतं, तेही काढलं. मशीन सुरू व्हायला आधी आठ मिनिटं लागायची, आता सव्वातीन. डीफ्रॅगशिवाय.

25 जून, रविवार

आज महाराष्ट्रभर पाऊस पोचला. दोन आठवडे वाट पाहून परत ‘चेकडिस्क डी: /आर’, कारण 128 हा आकडा जागेवर राहतो की वाढतो यावरच पुढचं ठरणार होतं. तिथेच राहिला असता तर ही डिस्क दुय्यम कामाला ठेवली असती. आला 212. एकवीस क्लस्टर नव्याने मेले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 153 च्या नोंदी केबल बदलल्यापासून बंद आहेत, 7 च्या मात्र चालू. म्हणजे केबलचं दुखणं गेलं, डिस्कचं राहिलं, आणि वाढतं आहे. अण्णांना आकडे दाखवले. ते म्हणाले, “मग काढ बाजूला. पैशाकडं बघू नको.”

1 आणि 2 जुलै

500 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, 2,900 रुपये. विंडोज नव्याने बसवलं, दोन्ही ठिकाणचे फॉण्ट आणले, या वेळी उजवं बटण दाबून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स’. एसएसडीवर नेहमीचं डीफ्रॅग लागत नाही. विंडोज ती ओळखून तिथे ट्रिम करतं, म्हणजे कुठली जागा आता मोकळी आहे ते डिस्कला कळवतं, म्हणून साप्ताहिक ऑप्टिमाइझ चालूच ठेवलं. आजवरचा एकूण खर्च 8,170 रुपये.

टास्क शेड्यूलरमध्ये रोज संध्याकाळी साडेसातची रोबोकॉपी लावली, बाहेरच्या डिस्कवर. ‘/एमआयआर’ वापरलेलं नाही. ते दोन्हीकडे तंतोतंत सारखं ठेवतं, म्हणजे इकडे चुकून फाइल उडाली की संध्याकाळी तिकडचीही उडते. ‘/ई’ ने तिकडे जास्तीचा पसारा होतो, तो महिन्यातून एकदा हाताने आवरीन.

9 जुलै, रविवार

न वाचता आलेल्या 11 आणि सीएचकेतल्या न उघडलेल्या 4, मिळून 15 फायलींचा हिशोब. सात कोरलच्या आपोआप घेतलेल्या जुन्या प्रती होत्या, त्यांची गरज नाही. पाच कामांच्या पीडीएफ पाठवलेल्या मेलमध्ये मिळाल्या. राहिल्या तीन. अण्णा छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत नमुन्याच्या फायलीत लावून ठेवतात, 1996 पासून. त्यात दोन सापडल्या, एक पत्रिका आणि एक बेदाण्याचं लेबल. लेबल आज स्कॅन करून कंपोझ करायला घेतलं आहे, द्राक्षाच्या घडाचं चित्र नव्याने काढावं लागेल. तिसरी फाइल एका सोसायटीच्या 2017 च्या अहवालाची. तिची छापील प्रत त्यांच्या कपाटात असेल, उद्या सकाळी जाऊन विचारतो.